तीन महिन्यांची शाळा, दोऱ्यात ओवलेले मणी आणि हर्शेलच्या उशाशी पडलेलं पुस्तक

आधी एक घोळ मिटवून टाकतो. फर्ग्युसन म्हटलं की आपल्याला पुण्यातलं कॉलेज आठवतं, आणि ते ज्याच्या नावाचं आहे तो सर जेम्स फर्ग्युसन, १८८० ते १८८५ मुंबईचा गव्हर्नर. मी ज्याच्याबद्दल लिहितोय तो पण जेम्स फर्ग्युसन, तो पण स्कॉटिश, पण त्याच्या कितीतरी आधीचा आणि सरबिर कोणी नाही. मेंढरं राखणारा पोरगा, पुढे लोकांची चित्रं काढून पोट भरणारा, आणि मग सामान्य माणसासाठी खगोलशास्त्रावर लिहिणारा नि बोलणारा.

प्रकरण काय आहे ते सांगतो. ह्या माणसाची शाळा आयुष्यात एकूण तीन महिने. बीजगणितातलं त्याला चिन्हांपलीकडे फारसं येत नव्हतं आणि युक्लिडचं एक प्रमेय कधी धड सिद्ध करता आलं नाही, हे त्याने स्वतः चार्ल्स हटन नावाच्या गणितज्ञाला सांगितलेलं आणि हटनने ते लिहून ठेवलंय. एखादं विधान खरं की खोटं हे तो पट्टी आणि कंपास घेऊन मोजून बघायचा, जुळलं तर खरं. आणि ह्याच माणसाने १७५६ साली न्यूटनचे सिद्धांत धरून खगोलशास्त्र समजावणारं जाडजूड पुस्तक लिहिलं, ते वर्षानुवर्षं छापत राहिले, आणि बाथ शहरात चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा, शिकवण्या करणारा विल्यम हर्शेल नावाचा एक म्युझिशियन रात्री झोपताना तेच पुस्तक घेऊन अंथरुणात जायला लागला. पुढे १७८१ मध्ये त्याच हर्शेलने युरेनस शोधला.

म्हणजे ज्याला गणित येत नाही त्याने लिहिलेलं पुस्तक वाचून ग्रह शोधणारा तयार झाला. हे नक्की कसं काय झालं, कुठे कुठे कोणाचा हात लागला, हे मला उलगडून बघायचं होतं. त्याने स्वतः १७७३ मध्ये एका पुस्तकाच्या सुरुवातीला आपली छोटीशी कहाणी लिहिलेली आहे, त्यामुळे बरंचसं त्याच्याच तोंडचं आहे.

जन्म २५ एप्रिल १७१०. स्कॉटलंडच्या ईशान्येला बॅन्फशायर म्हणून भाग आहे, तिथे रॉथिमे गावाजवळ. बाप रोजंदारीला जाणारा, थोडी जमीन खंडाने घेऊन कसणारा. पोरांना वाचायला तो स्वतः शिकवायचा पण पाळीपाळीने, आणि मोठ्या भावाची पाळी चालू असताना जेम्स बाजूला बसून नुसता ऐकायचा. मला पण शिकवा म्हणायची लाज वाटायची. मग बाप आणि भाऊ बाहेर गेले की हळूच ते धर्माचं प्रश्नोत्तरांचं पुस्तक काढायचं, आणि अडलं की शेजारच्या म्हातारीकडे पळायचं. बापाच्या लक्षात आलं तोपर्यंत पोरगं वाचायला शिकलेलं होतं. मग बापाने लिहायला शिकवलं, आणि कीथ गावच्या शाळेत तीन महिने घातलं. झालं शिक्षण.

सात-आठ वर्षांचा असताना घराच्या छपराचा एक भाग खचला. बापाने एक लांब वासा घेतला, त्याला मध्ये टेकू दिला आणि ते सगळं जडच्या जड छप्पर लीलया वर उचललं. पोरगं घाबरलंच. बापात एवढी ताकद कुठून आली? थोड्या वेळाने त्याच्या लक्षात आलं की बाप वाशाच्या अगदी लांबच्या टोकाला जोर लावत होता, आणि तिथून त्याच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. मग लाकडाच्या काठ्या घेऊन टेकू सरकवत वजनं लावत बसला, आणि टेकूपासून अंतर जितकं जास्त तितकं वजन कमी पुरतं हे शोधून काढलं. त्यानंतर चाक आणि आस, म्हणजे आपला विहिरीवरचा रहाट असतो तसलं, तेही करून पाहिलं. बापाकडे लेथ, म्हणजे लाकूड कातायचं यंत्र होतं आणि ह्याच्याकडे एक छोटा चाकू. सगळं झाल्यावर आकृत्या काढून त्याने हे चक्क लिहून काढलं, कारण त्याला वाटलं जगात हे कोणालाच माहीत नाही. एका सद्गृहस्थाला दाखवलं तर त्याने छापील पुस्तक काढून पुढे ठेवलं, हे सगळं त्यात आधीच होतं. दुसरं कोणी असतं तर तोंड पाडून बसलं असतं. ह्याला उलट आनंद झाला की आपलं आणि पुस्तकाचं जुळतंय. हा प्रसंग लक्षात ठेवा, पुढे लंडनमध्ये पुन्हा असंच होणार आहे.

मग मेंढरं. शेजारच्या एकाकडे चाकरीला ठेवला, दिवसा रानात मेंढरांमागे बसून गिरण्यांची आणि चरख्यांची छोटी मॉडेलं कोरायची आणि रात्री तारे बघायचे. आणि त्यानंतर मिसरूड फुटायच्या वयात जेम्स ग्लॅशन नावाच्या शेतकऱ्याकडे गडी म्हणून राहिला. माझ्या मते ह्या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा माणूस हा ग्लॅशन आहे, आणि त्याच्याबद्दल जगाला जवळजवळ काहीच माहिती नाही.

दिवसभराचं काम आटपलं की पोरगं घोंगडं घेऊन शेतात जायचं आणि उताणं पडायचं. हातात एक दोरा, दोऱ्यात बारीक मणी ओवलेले. दोरा दोन्ही हातांत ताणून, हात पूर्ण लांब करून, डोळा आणि तारे यांच्या मध्ये धरायचा, आणि मणी सरकवत राहायचं, एक मणी ह्या ताऱ्याला झाकेल आणि दुसरा त्या ताऱ्याला, असं जुळेपर्यंत. जुळलं की दोरा तसाच अलगद कागदावर ठेवायचा आणि मण्यांच्या जागी खुणा करायच्या. जवळ मेणबत्ती. असं करत करत आकाशाचा नकाशा. कोणी शिकवलेलं नाही, कुठे वाचलेलं नाही.

ग्लॅशन आधी हसला, कोणीही हसेल, गडी रात्री शेतात आडवा पडून दोरा ताणतोय म्हटल्यावर. पण पोराने समजावून सांगितलं तसा तो म्हणाला कर. आणि नुसतं कर म्हणून थांबला नाही. रात्रीच्या कच्च्या खुणांवरून दिवसा पक्की प्रत करायला वेळ मिळावा म्हणून हा मालक पोराच्या हातातलं धान्य झोडपायचं दांडकं काढून घ्यायचा आणि स्वतः झोडपत बसायचा. त्याच खळ्यात पोरगं बाजूला बसून कंपास, पट्टी आणि लेखणी घेऊन तारे मांडायचं. मालक मळणी करतोय आणि गडी नकाशे काढतोय, हे चित्र डोळ्यासमोर आणून बघा. १७२० च्या दशकातला ग्रामीण स्कॉटलंड म्हणजे काही मवाळ जागा नव्हती, गड्याला पोटभर खायला मिळालं तरी खूप. फर्ग्युसनने म्हातारपणी हे लिहिलं तेव्हा ग्लॅशनबद्दल लिहिताना त्याचा सूरच बदलतो.

कंपास-पट्टी आली कुठून, तर कीथच्या पाद्रीबाबांकडून, गिलख्रिस्ट त्यांचं नाव. ताऱ्यांचा नकाशा घेऊन पोरगं त्यांच्याकडे गेलं तर त्यांनी पृथ्वीचा एक नकाशा नक्कल करायला दिला आणि सोबत सगळं साहित्य दिलं. म्हणजे साखळी बघा: म्हातारी, ग्लॅशन, पाद्री. आणि त्यानंतर कँटली.

कँटली हा ग्रँट नावाच्या जमीनदाराकडे बटलर होता. पोरगं शाळेवरून जात असताना हा बाबा भिंतीवर सूर्यघड्याळ रंगवत होता. बटलर म्हटल्यावर आपल्या डोळ्यासमोर चहाचा ट्रे येतो, पण ह्याला दशांश अपूर्णांक, बीजगणित, भूमिती, सगळं थोडंथोडं यायचं आणि त्याने ते पोराला शिकवायला सुरुवात केली. जमीनदाराने आमच्याकडे राहायला ये म्हटलं तर पोरगं म्हणालं ग्लॅशनकडची मुदत संपू दे, मग येतो. नंतर कँटली ती नोकरी सोडून गेला आणि ह्याचं जगच संपल्यासारखं झालं. जाताना कँटलीने भूगोलाचं एक पुस्तक दिलं. त्यात पृथ्वीगोलाचं वर्णन होतं पण चित्र नव्हतं. एवढ्यावरून ह्याने लाकडाचा गोळा कातून त्यावर कागद चिकटवला, जगाचा नकाशा काढला, भोवती लाकडी कडी बसवली, आणि तो गोल चालला, म्हणजे त्यावरून पुस्तकातली गणितं सोडवता आली. तोपर्यंत त्याने पृथ्वीगोल नावाची वस्तू कधी पाहिलेली नव्हती.

इथे थोडं थांबतो, कारण मी हे वाचून फेब्रुवारीत ताईकडे गेलो होतो, वाईजवळच्या गावाला, तिथे अजून बरं आकाश दिसतं. आठवीतल्या भाचीला ही गोष्ट सांगितली तर ती म्हणाली मामा आपण करूया. ताईच्या मंगळसूत्राच्या काळ्या मण्यांची पुडी मिळाली, शिवणाचा दोरा मिळाला, गच्चीवर सतरंजी टाकली. पहिला प्रॉब्लेम, मणी एका जागी राहीनात, दोरा जरा सैल पडला की घसरून एका टोकाला. फर्ग्युसनच्या कहाणीत हे काही लिहिलेलं नाही, त्याचा दोरा जाड असणार. ताईने मेणबत्तीवर दोरा घासून दिला, मग जरा अडकायला लागले. दुसरा प्रॉब्लेम, काळा मणी काळ्या आकाशात दिसतच नाही, तारा विझला की समजायचं मणी तिथे आहे. तिसरा म्हणजे हात. पाच मिनिटांत खांदे भरून येतात आणि कोपर नकळत वाकतं, आणि कोपर वाकलं की माप गेलं.

तरी मृगाच्या बाणाच्या तीन ताऱ्यांपैकी दोन टोकांचे घेतले. माझ्या दोऱ्यावर पावणेतीन सेंटिमीटर आले, भाचीच्या दोऱ्यावर जेमतेम अडीच. ती म्हणाली मामा तुझे तारे लांब लांब आहेत. मग उत्तरेकडे वर येत असलेल्या सप्तर्षींमधले क्रतू आणि पुलह घेतले. माझे साडेपाच, तिचे पावणेपाचच्या आसपास. तिने वही घेतली, भागाकार केला, आणि मग गच्चीवर बराच वेळ शांतता. दोघांच्याही दोऱ्यावर दुसरी जोडी पहिलीच्या साधारण दुप्पट लांब होती. हात कोणाचा लांब कोणाचा आखूड, गुणोत्तर तेच. समरूप त्रिकोण तिला शाळेत झालेले आहेत म्हणे, पण ते समरूप त्रिकोण आणि हे, हे एकच आहे हे तिला त्या मेण लावलेल्या दोऱ्याने सांगितलं.

तर फर्ग्युसनकडे परत. पुढची दोन वर्षं वाईट गेली. एका गिरणीवाल्याकडे कामाला राहिला, वाटलं अभ्यासाला वेळ मिळेल, पण मालक दारूच्या गुत्त्यात आणि गिरणी सगळी ह्याच्या अंगावर, खायला म्हणजे गार पाण्यात कालवलेलं ओटचं पीठ. मग एका डॉक्टरकडे, वैद्यकी शिकवतो म्हणाला, शिकवलं काही नाही, राबवलं एवढं की हात दुखावला आणि पगार न घेता घरी आला. अंथरुणात पडल्या पडल्या लाकडी घड्याळ बनवलं, चाकं लाकडाची, चौकट लाकडाची, आणि टोल द्यायला घंटा म्हणून फुटक्या बाटलीचा गळा. मग घोड्यावरून जाणाऱ्या एकाने खिशातलं घड्याळ दाखवून आतली स्प्रिंग कशी असते ते समजावलं, तर घरी येऊन व्हेलच्या हाडाच्या लवचिक पट्टीची स्प्रिंग करून कपाएवढ्या डबीत लाकडी घड्याळ बसवलं. एका धांदरट शेजाऱ्याने बघायला म्हणून हातात घेतलं, पाडलं, आणि उचलायला जाताना त्यावरच पाय दिला. संपलं.

पण ह्या घड्याळांमुळे लोक त्याला घड्याळं साफ करायला बोलवायला लागले आणि तसाच तो सर जेम्स डनबार ह्यांच्या वाड्यावर, डर्नला पोचला. तिथे फाटकाच्या खांबांवर दोन मोठे दगडी गोळे होते, शोभेचे. ह्याने एकावर तेलरंगाने पृथ्वीचा नकाशा रंगवला आणि दुसऱ्यावर ताऱ्यांचा, आणि नकाशाचे ध्रुव असे धरले की गोळ्याचा अक्ष खऱ्या पृथ्वीच्या अक्षाला समांतर. ह्याचा परिणाम काय, तर ऊन पडलं की त्या दगडी पृथ्वीचा जो अर्धा भाग उजळतो तोच भाग त्या क्षणी खऱ्या पृथ्वीवर उजळलेला असतो. फाटकातून येता-जाता मान वर केली की आत्ता जगात कुठे दिवस आणि कुठे रात्र ते दिसणार. एक रुपयाचं यंत्र नाही, रंग आणि कोन फक्त. अख्ख्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट कुठली विचाराल तर ही.

डनबारची बहीण लेडी डिपल, तिला ह्याच्या हातातली चित्रकला दिसली. तिने भरतकामाचे नमुने काढायला लावले आणि १७३४ मध्ये एडिंबराला नेलं, राहायची खायची सोय केली. तिथे तो काळ्या शाईने छोट्या तसबिरी काढायला लागला आणि हा धंदा त्याने साधारण २६ वर्षं केला. हे विसरू नये. खगोलशास्त्राचा लेखक म्हणून आपण ज्याला ओळखतो तो पंचवीसेक वर्षं लोकांचे चेहरे काढून भाडं भरत होता. मध्येच त्याला डॉक्टर व्हायची हुक्की आली, पुस्तकं वाचली, गावी जाऊन दवाखाना थाटला, पेशंट बरे होईनात आणि जे यायचे ते पैसे देईनात, परत चित्रं. १७३९ मध्ये इझाबेला विल्सनशी लग्न.

१७४२ च्या सुमारास त्याने कागदी चकत्या एकावर एक फिरवून रोजची सूर्याची आणि चंद्राची जागा, चंद्राच्या कला, ग्रहणं काढता येतील असं एक उपकरण केलं. एडिंबराचे गणिताचे प्रोफेसर कॉलिन मॅकलॉरिन, ज्यांच्या नावाची सिरीज इंजिनिअरिंगच्या पोरांना छळते ते, त्यांना ते आवडलं, छापून विकायला मदत केली. बरंच खपलं, आणि मग १७५२ मध्ये ब्रिटनने कॅलेंडर बदललं, २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर, आणि ह्याच्या चकत्या एका कायद्याने रद्दी झाल्या. पंचांगकर्त्यांना ह्यातली वेदना कळेल.

मॅकलॉरिनकडे एक ऑररी होती, म्हणजे सूर्याभोवती ग्रह फिरवून दाखवणारं दातेरी चाकांचं यंत्र. हा म्हणाला आतली चाकं बघू द्या. प्रोफेसर म्हणाले मी पण कधी बघितलेली नाहीत, ती पेटी उघडायला कारागीरच लागेल. मग ह्याने बाहेरची गती बघून आत काय असेल ते डोक्यात बसवलं आणि स्वतःची लाकडी चाकांची ऑररी केली. मॅकलॉरिनने त्यालाच विद्यार्थ्यांसमोर उभं करून तिच्यावर लेक्चर द्यायला लावलं. इथे माझ्या मते प्रकरण वळतं. इतके दिवस तो स्वतःला समजावत होता, आता पहिल्यांदा दुसऱ्यांना, आणि साधन तेच, हाताने केलेली वस्तू.

१७४३ मध्ये बायकोला घेऊन समुद्रमार्गे लंडनला. तिथे चंद्राच्या वाटेचा प्रसंग झाला. चंद्र पृथ्वीभोवती फिरतो आणि पृथ्वी सूर्याभोवती, मग सूर्याच्या नजरेने चंद्राची वाट कशी दिसेल? वहीत काढा म्हटलं तर आपल्यातले बहुतेक जण जिलबीसारखी वेटोळी काढतील. फर्ग्युसनने काढून दाखवलं की वेटोळी नाहीतच, वाट कायम सूर्याकडेच वळलेली आहे, बाहेरच्या बाजूला ती कधी वळतच नाही. आपण स्केलवर करून बघू: पृथ्वीची कक्षा १ मीटर त्रिज्येची काढली तर चंद्र त्या रेषेपासून इकडेतिकडे फक्त अडीच मिलिमीटर सरकतो, साधारण पेन्सिलच्या जाड रेघेइतका. एवढ्याशा सरकण्यात कुठली आली वेटोळी. आणि कारण असं की चंद्रावर सूर्याची ओढ पृथ्वीच्या ओढीच्या दुपटीहून जास्त आहे. त्याने ही वाट आखणारं यंत्रच केलं. रॉयल सोसायटी, म्हणजे तिथल्या शास्त्रज्ञांची मानाची संस्था, तिचे अध्यक्ष मार्टिन फोक्स खूश झाले, त्याला सोसायटीत घेऊन गेले. आणि तिथल्याच एलिकॉट नावाच्या घड्याळजीने दाखवलं की ही आकृती त्याने आधीच काढून ठेवली होती. छपराच्या वाशाची गोष्ट पुन्हा तशीच्या तशी. आणि पुन्हा हा काही खट्टू वगैरे झाला नाही.

१७४८ च्या सूर्यग्रहणापासून त्याने तिकीट लावून जाहीर व्याख्यानं सुरू केली, लंडनमध्ये आणि मग इंग्लंडभर. सोबत कप्प्या, पंप, गिरण्या, ऑररी अशी गाडीभर मॉडेलं. ऐकणाऱ्यांत एक तरुण थॉमस पेन होता, जो पुढे अमेरिकेच्या स्वातंत्र्यासाठी लिहून गाजला, आणि राजा व्हायच्या आधी तिसरा जॉर्जही. तो गादीवर आल्यावर ह्याला वर्षाला ५० पौंड पेन्शन मिळाली. बेंजामिन फ्रँकलिनने तीनच चाकांचं घड्याळ सुचवलं होतं, ते फर्ग्युसनने छापलं आणि वर त्यात सुधारणाही केली. १७६३ मध्ये रॉयल सोसायटीचा फेलो, म्हणजे सभासद झाला, फी परवडणार नाही म्हणून ती माफ केली.

आता मूळ प्रश्न. गणित येत नव्हतं हा दोष की फायदा? दोष तर होताच, त्यामुळे त्याच्या नावावर मोठा शोध नाही, आणि हटनसारख्या माणसाने ते स्पष्ट लिहिलं ते बरंच झालं, नाहीतर अशा कहाण्यांना फार लवकर हार-तुरे चढतात. पण पुस्तकात त्याचा परिणाम दिसतो. ज्याला समीकरण सुचतं तो समीकरण लिहून मोकळा होतो, ह्याला तो दरवाजाच बंद होता, त्यामुळे प्रत्येक गोष्टीसाठी वस्तू, उपमा, आकृती, फिरवून बघायची चकती. वाचणाऱ्याला तो कधी वरून बोलतोय असं वाटत नाही कारण तो वर कधी गेलेलाच नव्हता. १० मे १७७३ ला हर्शेलने खगोलशास्त्राचं पुस्तक विकत घेतल्याची नोंद केलीय, आणि त्याची बहीण कॅरोलिनने लिहून ठेवलंय की दिवसभर शिकवण्या करून दमलेला भाऊ दुधाचा नाहीतर पाण्याचा ग्लास घेऊन झोपायला जायचा, सोबत स्मिथचं प्रकाशशास्त्र आणि फर्ग्युसनचं खगोलशास्त्र, आणि पुस्तकावरच झोपून जायचा. उठला की पहिला विचार दुर्बिणीचा. बाजारातल्या दुर्बिणी परवडेनात तसा स्वतः आरसे घासायला लागला. म्हणजे हाताने करून बघायचा रोग पुस्तकातून ह्यालाही लागला म्हणायचं.

एक बाजू राहिली, आणि ती गोड नाही. घर ह्याला जमलं नाही. बायकोशी पटेना, शेवटी वेगळे राहिले, ती १७७३ मध्ये गेली. मुलगी अ‍ॅग्नेस, अठराएक वर्षांची. १७६३ मध्ये, ज्या वर्षी हा फेलो झाला त्याच वर्षी, लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावर ती बापाचा हात धरून चालली होती, हा चालता चालता कसल्यातरी विचारात गढून थांबला, आणि भानावर आला तेव्हा हात सुटलेला होता. त्याला ती पुन्हा दिसली नाही. पाच वर्षांनी, १७६८ मध्ये, त्याने लहान मुलामुलींसाठी खगोलशास्त्राचं पुस्तक काढलं. त्यात कॉलेजातून घरी आलेला भाऊ आपल्या बहिणीला आकाश समजावतो, बहिणीचं नाव युडोसिया, आणि ती सारखी प्रश्न विचारते, अगदी नेमके, आणि भाऊ प्रत्येकाला थांबून उत्तर देतो. मी ते संवाद वाचताना सरळ वाचू शकलो नाही, एवढंच.

गेला तो १६ नोव्हेंबर १७७६ ला, फ्लीट स्ट्रीटजवळच्या बोल्ट कोर्ट नावाच्या बोळातल्या घरात. त्याच बोळात त्या वर्षी डॉ. जॉन्सन, तो शब्दकोशवाला, राहायला आला होता. युरेनस सापडायला अजून चार वर्षं आणि वर काही महिने होते.

गच्चीवरचं राहिलंच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाचीने जेवणाच्या टेबलावर ड्रॉइंगचा कागद पसरला आणि रात्रीच्या दोऱ्यांवरून सप्तर्षी मांडायला घेतले. पाच तारे बसले, सहावा आणि सातवा काही केल्या जुळेनात, मोजलेली अंतरं कागदावर एकमेकांत बसतच नव्हती, ती खोडतेय, परत मांडतेय. तेवढ्यात स्वयंपाकघरातून ताईची हाक, "अगं मेथी निवडायचीय, येतेस ना?" भाचीने माझ्याकडे बघितलं. मेथीच्या दोन जुड्या होत्या, चांगल्या मोठ्या, मुळांना माती तशीच. मी पेपर पसरून खाली बसलो.